खुर्चीत आणि खुर्चीवर

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या मुलाची मुंज झाली. हॉलवाल्याला आधीच बजावलं होतं की बुफे नको, खाली बसून पंगतच हवी, त्यामुळे पाट मांडले, रांगोळ्या काढल्या, उदबत्त्या लावल्या, आणि भिंतीच्या कडेला दोन टेबलं जोडून सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. आमच्याकडे तिला गुडघ्यांची पंगत म्हणतात. खाली बसलं की उठायला दोन माणसं लागतात अशी सगळी मंडळी तिकडे. दर कार्याला तिथे एखादं माणूस वाढतं आणि एखादं कमी होतं, त्यावर कुणी बोलत नाही. यंदा पहिल्यांदाच आईला कुणीतरी हाताला धरून तिकडे नेलं, "काकू, तुम्ही इकडे या, खुर्चीवर बसा." ती बसली, जेवली, मठ्ठासुद्धा परत मागून घेतला. घरी येताना रिक्षात म्हणाली, "पानाकडे वाकायचंच नाही, मग ते जेवण कसलं रे."

तेव्हापासून खुर्ची हा शब्द डोक्यात बसलाय. (बसलाय! बघा, इथेपण बसणंच.)

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. घरात बसायच्या जागा भरपूर होत्या, खुर्ची मात्र एकच. ओट्यावर बसायचं, उंबऱ्यावर बसायचं नाही, स्वयंपाकघरात पाट, सोप्यात सतरंजी, पाहुणा जरा वजनदार असला तर सतरंजीवर चादर आणि पाठीला लोड. आणि खिडकीपाशी बाबांची खुर्ची. बाबा सरकारी कचेरीत कारकून, शेवटी शेवटी अव्वल कारकून झाले, आणि एका वर्षी तिथल्या निर्लेखित सामानाचा लिलाव झाला त्यात ही सागवानी, वेताच्या विणीची खुर्ची त्यांनी घेतली. किती रुपयांना ते दर वेळी वेगळं सांगायचे. मागच्या पायावर पांढऱ्या ऑइलपेंटनं डेडस्टॉकचा, म्हणजे कचेरीच्या सामानाच्या नोंदीचा, नंबर, ११७. एका दिवाळीत मी पॉलिश पेपर घेऊन तो घासायला बसलो तर असे ओरडले की मी पेपर टाकून पळालो.

त्या ओरडण्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं गेली. त्यांच्या कचेरीत कारकुनांच्या खुर्च्या बिनहाताच्या होत्या आणि साहेबांच्या खुर्च्यांना हात होते. कुणी असा नियम भिंतीवर लावला नव्हता पण तो सगळ्यांना पाठ होता. साहेब जेवढा मोठा तेवढी पाठ उंच, आणि पाठीवर पांढरा टॉवेल. हा टॉवेल म्हणजे आपल्याकडचं खरं राजचिन्ह आहे. मुळात घाम आणि डोक्याचं तेल खुर्चीला लागू नये म्हणून आला असणार, आता केबिनला एसी लागला, तेल लावायचं लोकांनी सोडलं, टॉवेल आहे तिथेच आहे, आणि रोज सकाळी तो झटकून सरळ करायला एक माणूसपण आहे. तर ११७ नंबरची खुर्ची हाताची होती. कुठल्यातरी साहेबाची. बाबा दिवसभर बिनहाताच्या खुर्चीवर बसून टिपणं लिहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन हाताच्या खुर्चीत बसून चहा प्यायचे. एकदा उन्हाळ्यात त्यांनी तिच्या पाठीवर टॉवेलपण टाकून बघितला. आईनं तो ओढून धुण्यात टाकला, "आंघोळ झाली ना तुमची?" एवढंच म्हणाली, आणि तो प्रयोग तिथेच संपला.

वर मी खुर्चीवर बसून टिपणं आणि खुर्चीत बसून चहा असं लिहिलं ते सहज आलं, मग वाटलं अरे हे बघायला पाहिजे. मराठीत पाटावर बसतात, सतरंजीवर बसतात, सोफ्यावर, बाकावर, स्टुलावर, सगळं 'वर'. 'त' लागतो तो खुर्चीला. बिनहाताची असेल, घाईत टेकायचं असेल, तर खुर्चीवर. दोन्ही बाजूंनी हात आले, पाठ मागे टेकली, की खुर्चीत. आई म्हणायची, "बाबा खुर्चीत बसलेत, आत्ता नको विचारू," आणि दुसऱ्या मिनिटाला, "ते मांजर बघ खुर्चीवर चढलंय." मांजर कधी खुर्चीत बसलं नाही. आईपण नाही. तिला कुणी मनाई केली होती असं अजिबात नाही, बाबा उलट म्हणायचे बस गं जरा, पण ती त्या खुर्चीला पुसायची, तिच्या हातावर वाळलेले कपडे टाकायची, आणि निवडायला तांदूळ घेतले की पाट ओढून तिच्या शेजारी खाली बसायची.

मला स्वतःला हा 'वर' आणि 'त'चा फरक न्हाव्याच्या दुकानात कळला असावा. लहानपणी तिथे खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायचे आणि त्या फळीवर आपल्याला बसवायचे, पाय लोंबकळतायत, आरशात आपलं डोकं आणि वर ट्यूबलाइट. फळी गुळगुळीत झालेली आणि उन्हाळ्यात मांडीला चिकटणारी. एक दिवस बाबांबरोबर गेलो, फळी टाकायला त्यानं उचलली, माझ्याकडे बघितलं, आणि परत भिंतीला टेकवून ठेवली. काही बोलला नाही. मी खुर्चीत बसलो. मान आरशाच्या कडेशी जेमतेम पोचत होती, पण त्या दिवशी कटिंग झाल्यावर मी बाबांसारखा गालावर हात फिरवून बघितला होता हे नक्की आठवतं.

आता शब्दाचं सांगतो. भाची इंग्रजी शाळेत, ती येता जाता आजी चेअर दे, आजी चेअरवर बस, आणि आई दर वेळी तिला थांबवून "खुर्ची म्हण, आपला शब्द आहे." मी आपला उगाच शोधत बसलो आणि जे निघालं ते आईला अजून सांगितलेलं नाही. खुर्ची आली अरबी कुर्सीवरून, फारसीच्या हाताला धरून. अरबांनी ती आरामी भाषेतून घेतली, त्याच्या मागे मेसोपोटेमियात अक्कादी भाषेत कुस्सू, आणि त्याच्याही मागे सुमेरी लोकांचा गुझा. म्हणजे चार हजार वर्षांहून जुना शब्द, मातीच्या विटांवर कोरलेला, आणि वाटेत कुठेही आपल्या संस्कृतशी त्याचं काही नातं नाही. लहानपणी मला वाटायचं खुर असतात म्हणून खुर्ची, चार पाय ना. तसलं काही नाही.

आणि चेअर? आपल्याकडे सद् धातू आहे, सद् म्हणजे बसणं. त्यातून सदन, परिषद, सभासद, संसद, अगदी उपनिषद, गुरूजवळ खाली बसणं. ग्रीकमध्ये याच सद्ची भावकी आहे, फक्त तिकडे सुरुवातीच्या 'स'चा 'ह' झाला, आपल्या सप्ताहाचा फारसीत हप्ता होतो तसा, म्हणून तिथे बैठकीला हेद्रा. त्याच्या आधी 'काता' म्हणजे खाली, असं जोडून काथेद्रा. तोच लॅटिनमध्ये गेला, मग जुन्या फ्रेंचमधून घासत घासत इंग्रजीत चेअर झाला. पोर्तुगीजांकडे त्याचं कादेइरा झालं आणि गोव्यात कोकणीत अजून खुर्चीला कदेल म्हणतात. म्हणजे रक्ताचं नातं बघायला गेलं तर संसदेची चुलत बहीण चेअर आहे, खुर्ची नाही. खुर्ची दत्तक आलेली. पण दत्तक आलेली पोर घरात अशी वाढली की आता तीच घरची, आणि सख्ख्या नात्यातली परत आली तर आई तिला दारात उभी करते. भाषाशुद्धीवाल्यांशी वाद घालायला हे एकच उदाहरण पुरे, अर्थात मी घालत नाही, वेळ कुणाला आहे.

जुन्या गोव्यात से कॅथेड्रल आहे ना, सगळे फोटो काढून येतात. १५६२ मध्ये काम सुरू झालं, १६१९ पर्यंत चाललं. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची असते, ती काथेद्रा, ते कॅथेड्रल. आणि 'से' कुठून, तर लॅटिन सेदेस, म्हणजे परत बैठकच, परत तोच सद्. म्हणजे त्या एवढ्या मोठ्या पांढऱ्या इमारतीचं नाव निव्वळ 'बैठक खुर्ची' असं होतं. आणखी एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. इराणमध्ये कोर्सी म्हणतात ते खुर्चीला नाही, तर एका बुटक्या टेबलाला, थंडीत त्याच्या खाली शेगडी ठेवायची, वरून जाड रजई टाकायची, आणि सगळं घर चारी बाजूंनी रजईत पाय घालून बसतं. खुर्चीची ऊब म्हणतात ती ही, आणि ती सगळ्यांना सारखी.

आपल्याकडे ती उब एकालाच. तशी आपली सत्ता खुर्चीवर नव्हतीच, गादीवर होती. सातारची गादी, कोल्हापूरची गादी, गादीचा वारस. मठांना अजून गादी आहे, वडापावच्या गाडीवाल्याकडे नसेल पण सराफाकडे पांढरीशुभ्र गादी असते. इंग्रज आले आणि कोण खुर्चीवर बसणार, कोण उभा राहणार याची मोजमापं सुरू झाली, उत्तरेत तर ते मर्जीतल्या लोकांना कुर्सीनशीन म्हणून सनद द्यायचे, की हा माणूस साहेबाला भेटायला आला तर याला खुर्ची द्यावी. कागदावर लिहून! आणि लोक तो कागद फ्रेम करून ठेवायचे. हसू नका, आपणपण ओळखीच्या साहेबाकडे गेलो आणि त्यानं "बसा ना" म्हटलं तर बाहेर आल्यावर सांगतोच की, बसायला खुर्ची दिली त्यांनी.

चेअरमन या शब्दावर तर पश्चिम महाराष्ट्र उभा आहे. लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला, १९५०-५१ ला पहिला हंगाम, विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले आणि पहिले चेअरमन झाले ते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. तेव्हापासून कारखाना, दूध संघ, पतपेढी, सोसायटी, सगळीकडे चेअरमन. आमच्या गावाकडे हे नुसतं पद नाही, हाक आहे. माणूस दोन वर्षं विकास सोसायटीचा चेअरमन होतो आणि पुढची तीस वर्षं पारावर त्याला "या चेअरमन" असंच म्हणतात. खरं तर आपला शब्द अध्यक्ष, त्यात अक्ष म्हणजे डोळा, वरून लक्ष ठेवणारा. इंग्रजांच्या प्रमुखाकडे खुर्ची, आपल्याकडे डोळा. आपण डोळा निमंत्रणपत्रिकेवर ठेवला आणि खुर्ची घेतली.

फक्त एका ठिकाणी खुर्चीचा मोह कुणाला नसतो, आणि ते म्हणजे हाउसिंग सोसायटी. आमच्या जनरल बॉडीला मागच्या ओळीतल्या खुर्च्या आधी भरतात. चेअरमन कोण होणार म्हटलं की सगळे मोबाईल बघायला लागतात, कारण त्या खुर्चीत बसलं की रात्री अकराला तिसऱ्या मजल्याचं लीकेज तुमच्या दारात येणार. बाकी सभा संपल्यावर खुर्च्या एकात एक घालून ठेवणारे तेच चार जण असतात दर वर्षी. राजकारणात त्यांना सतरंज्या उचलणारे म्हणतात. "आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या का?" हे वाक्य दर निवडणुकीत तिकीट वाटप झालं की कुठल्यातरी तालुक्यातून येतंच. आता सतरंज्या कुठे राहिल्यात खरं, मंडपात सगळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पण म्हणीत सतरंजीच आहे, कारण खुर्ची उचलणारा माणूस उद्या त्याच खुर्चीवर बसेल अशी शक्यता वाटते, सतरंजीत ती नाही.

खुर्ची मिळाली तरी बसायला मिळेलच असं नाही हेही बघितलंय. एका ग्रामपंचायतीत काही कामासाठी गेलो होतो. टेबलावर पाटी बाईंच्या नावाची, सरपंच, आणि बाई खुर्चीत बसलेल्या, पदर सावरून, खुर्चीच्या पुढच्या कडेला. शेजारी यजमान दुसऱ्या खुर्चीवर, इतकी जवळ ओढलेली की त्यांचा डावा हात बाईंच्या खुर्चीच्या हातावर. बोलत तेच होते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के जागा आहेत. चांगलंच झालं, पण खुर्चीचे दोन्ही हात अजून सगळ्या बायकांच्या ताब्यात आलेले नाहीत एवढं मी सांगू शकतो. मधे अर्ज कुठल्या तारखेचा म्हणून यजमान कागद चाळायला लागले तेव्हा बाईंनी न बघता तारीख सांगितली. बरोबर होती.

आणि एक खुर्ची पुण्यात आहे, सेनापती बापट रस्त्याच्या टेकडीवर बाबासाहेब आंबेडकरांच्या वस्तूंचं संग्रहालय आहे तिथे. घटनेच्या मसुद्याचं काम करताना ते जिच्यावर बसत ती खुर्ची म्हणून ती दाखवतात. मी तिच्यासमोर उभा होतो तेव्हा मला साताऱ्याची शाळा आठवत होती, आमच्याच जिल्ह्यातली, जिथे लहानग्या भीमाला वर्गात वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागायचं, आणि शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटालासुद्धा हात लावत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. गोणपाट काही कुणी जपून ठेवलं नाही. खुर्चीच्या भोवती दोरी आहे, बसायला मनाई, आणि ती मनाई मला पहिल्यांदाच योग्य वाटली.

बाकी खुर्च्यांचं काय, इराण्याच्या हॉटेलातल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या सगळ्यांना आवडतात, मलापण, ते डिझाईन मूळ व्हिएन्नाच्या थोनेटचं, १८५९ चं, सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. आणि मांडववाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची, तिला तर एकपण स्क्रू नाही, साच्यातून अख्खी बाहेर पडते. तिच्यावर लोक नाकं मुरडतात पण मला विचाराल तर तिच्याइतकी समतावादी खुर्ची झालेली नाही. साहेबाला तीच, आचाऱ्याला तीच. फक्त मागचे पाय फाकायला लागले की वेळीच उठावं, मी एका साखरपुड्यात उठलो नाही, व्हिडिओ नातेवाइकांकडे आहे.

तर मुंजीहून आल्यावर मी गॅलरीतून ११७ बाहेर काढली. बाबा गेल्यावर आई पुण्याला आली तेव्हा ती खुर्ची पण टेम्पोतून आली, पण बैठकीचा वेत फाटलेला, वर प्लायचा तुकडा टाकून त्यावर कुंडी ठेवली होती. दोन सुतारांना दाखवली, दोघांनीपण फोम आणि रेक्झिन मारून देतो म्हणाले. शेवटी एका मित्राकडून एक काका मिळाले. जन्मापासून दिसत नाही, अंधांच्या संस्थेत वेतकाम शिकले, मग नोकरीभर सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या विणल्या. हे पद खरंच असतं, खुर्च्या विणणारा, अंध लोकांसाठी राखीव ठेवलेल्या पदांत ते असायचं. म्हणाले, "आता सगळीकडे फिरत्या खुर्च्या आल्या, जाळीच्या. त्यात विणायचं काय? माझ्यामागे कुणाला घेतलं नाही."

पुतण्या त्यांना आमच्याकडे आणून सोडून गेला. आल्या आल्या त्यांनी खुर्ची उलटी केली आणि चौकटीच्या खालून बोटं फिरवली, भोकं मोजत. पुढे एकवीस, मागे सतरा. "हाताची आहे. साहेबाची असणार." वेताच्या पट्ट्या आमच्या बादलीत अर्धा तास भिजत घातल्या, मग एकेक काढून दोन बोटांतून ओढायचे, गुळगुळीत बाजू वर, खरखरीत खाली. आधी उभ्या, मग त्यावर आडव्या, परत उभ्या, मग आडव्या पण या वेळी खालून वरून विणत, आणि शेवटी दोन्हीकडून तिरप्या. जिथे पट्टी संपते तिथे भोकात लाकडाची छोटी खुंटी ठोकायची. उभ्या आडव्या असेपर्यंत नुसती चौकटी दिसत होती, दुसरी तिरपी गेली आणि एकदम ती आठ कोनांची नक्षी उमटली. मी "वा" म्हणालो तर ते हसले, "आली का? मला तिचा आवाज बदलतो तेव्हा कळतं." आणि बोटानं टिचकी मारून दाखवली. ताणलेल्या पखवाजासारखा नाही, पण काहीतरी होता खरा आवाज.

दोन दिवस ते फरशीवर बसूनच काम करत होते. आई दर चहाला म्हणायची, "अहो वर बसा की सोफ्यावर." ते म्हणायचे, "वर बसलं की भोकं लांब जातात." ते दोघं खाली, आई पाटावर आणि ते फरशीवर, मधे उलटी खुर्ची. बाबांबद्दल तिनं त्यांना जे सांगितलं त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकलं. लिलावात खुर्ची तीस रुपयांना गेली होती. आणि पैसे कमी पडले तर आठ रुपये आईनं दिले होते, डब्यातले.

जाताना सांगून गेले, दोन दिवस वाळू द्या, तोपर्यंत कुणी बसू नका. दोन दिवस आम्ही सगळे तिच्याभोवतीनं वळसा घालून फिरत होतो. तिसऱ्या दिवशी आईला म्हटलं बस. आधी कडेला टेकली, मग जरा मागे सरकली, मग पाठ टेकवली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. आणि तिचे पाय जमिनीला पोचेनात. खुर्ची कुठल्यातरी उंच साहेबाच्या मापाची, बाबांना बरोबर बसायची, हिचे तळवे अधांतरी, न्हाव्याच्या फळीवर माझे असायचे तसे.

मी धावत जाऊन पाट आणला.

"अरे, पाटाला पाय लावतात का!"

"लग्नात पाटावर उभी राहिलीस ना?"

"ते वेगळं."

मग रद्दीचा गठ्ठा आणला. "ती सरस्वती आहे." उशी आणली. "उशीला कुणी पाय लावतं का?" शेवटी गॅलरीतली कुंडी उतरवून तिच्याखालचा तो प्लायचा तुकडा आणि शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेल्या दोन विटा. विटांवर प्लाय, प्लायवर आईचे पाय.

"तांदळाचं ताट दे आता," ती म्हणाली, "आणि तू तो पाट घेऊन बस."